मुलांना चिवट करायचं प्रशिक्षण : तीन दिवस, एक कूलर आणि डाव्या हाताची ‘प्रज्ञा’

आधी कूलरचं सांगतो. जूनचा दुसरा आठवडा, नागपूर, दुपारचे दोन. बर्डीच्या ज्या हॉलमध्ये हे प्रशिक्षण झालं तिथे दोन मोठे डेझर्ट कूलर होते. एकाचा पंप बंद, म्हणून तो नुसती गरम हवा फेकत होता. दुसरा चालू होता, पण असा घरघरायचा की त्याच्या शेजारी बसलेल्या आम्हा आठ जणांना पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंचे ओठ हलताना तेवढे दिसले. उमरेडच्या एक मॅडम पदराने वारा घेत म्हणाल्या, “रेझिलियन्सचं ट्रेनिंग आहे ना बापा, आपलीच परीक्षा घेऊन राहिले.”

मी अनुदानित मराठी शाळेत तिसरीला शिकवतो. शाळा नाग नदीच्या काठच्या वस्तीत, वर्गाचा पट ३४, नोकरी २१ वर्षं. प्रशिक्षणाचा विषय होता ‘प्राथमिक शाळेतल्या मुलांमध्ये रेझिलियन्स रुजवणे’, म्हणजे संकटातून पुन्हा सावरण्याची ताकद. फी १,८०० रुपये. अर्धी व्यवस्थापनाने भरली, अर्धी माझ्या खिशातून गेली. तीन दिवस, दहा ते पाच. जाहिरातीत ३० जणांची बॅच लिहिली होती, हॉलमध्ये आम्ही ४२ होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि शिकवणाऱ्या ताई मनापासून शिकवत होत्या.

अडीच महिने मुद्दाम थांबलो. शेवटच्या दिवशी फीडबॅकचा कागद देतात तेव्हा पोटात गोळाभात असतो, बाहेर गाडी उन्हात तापत असते, आणि सगळे ‘उत्कृष्ट’वर गोल करून मोकळे होतात. मीही तेच केलं. आता पोळा होऊन गेला, वर्गात काय टिकलं आणि काय गळालं ते दिसू लागलं आहे, म्हणून लिहायला घेतलं.

पहिला तास शब्दावरच गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. पुस्तिकेत रेझिलियन्सला ‘लवचिकता’ म्हटलं होतं. कामठीचे एक सर म्हणाले, लवचिकता म्हणजे पी.टी.चा तास वाटतो. कोणी ‘कणखरपणा’ सुचवलं. त्यावर ताई म्हणाल्या, कणखर म्हटलं की मुलाने रडायचं नाही असा अर्थ निघतो. महापुराचा आणि लव्हाळ्याचा दाखला कोणीतरी देणारच होतं, तो दिलाच. शेवटी ‘चिवटपणा’वर बहुमत झालं. “चिवट तर शिळी पोळी असते,” हे उमरेडच्या मॅडमचं मत इतिवृत्तात आलं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

मग ताईंनी सांगितलं, ‘प्रज्ञा’ हा शब्द डाव्या हाताने लिहा. एक मिनिट. झाला की शेजाऱ्याला दाखवा.

हसत हसत सुरुवात केली. ‘प्र’ कसाबसा उभा राहिला. ‘ज्ञ’ची गाठ मात्र काही केल्या बसेना, ती एकदा ‘त’ झाली, एकदा नुसतं भेंडोळं. फळ्यावर सुवाच्य अक्षरासाठी माझं शाळेत नाव आहे. चाळीस सेकंद झाले असतील, ताई रांगांमधून फिरत माझ्या बाकाशी आल्या, आणि माझा उजवा तळवा आपोआप कागदावर गेला. मी कागद झाकला. पन्नाशीला टेकलेला माणूस! ताई काहीच बोलल्या नाहीत, क्षणभर थांबून पुढे गेल्या. माझ्या वर्गात तीन मुलं वही अशीच तळव्याने झाकतात. आजवर मी त्यांना एकच वाक्य म्हणत आलो : हात काढ.

नंतर त्यांनी विचारलं, त्या वेळी कोणी काय करायला हवं होतं? उत्तरं फळ्यावर लिहिली गेली. कोणी काही बोलू नये. थोडा वेळ वाढवून द्यावा. एकदा हात धरून दाखवावं. दुसऱ्याचंही वाकडंच आलंय हे दिसावं. ही चार वाक्यं मी टेबलाच्या खणात आतून चिकटवली आहेत. १,८०० पैकी हजार रुपये तिथे वसूल झाले असं धरायला हरकत नाही.

अभ्यासांबद्दल जे सांगितलं त्यात हवाई बेटांपैकी कवाई बेटावरचं काम मला सर्वांत पटलं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा थेट त्यांच्या चाळिशीपर्यंत घेतला. साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा गुंत्यात जन्मलेली. त्यांतलं दर तिसरं मूल तरीही नीट, कर्तं, माया असलेलं माणूस झालं. त्या मुलांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा सापडलेली एक गोष्ट म्हणजे निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आईबापच असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, कधी शाळेतले शिक्षक. ताईंनी विचारलं, तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं असं माणूस कोण, लिहा. मी ३४ ओळी आखल्या आणि नावं भरू लागलो. पाच ओळी रिकाम्या राहिल्या. त्या पाच मुलांशी आता रोज हजेरीआधी दोन शब्द बोलतो, डबा काय आणला, मांजरीला पिल्लं झाली का, असलंच काही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक प्रसंग सांगायचा होता. मी पुराचा सांगितला.

२३ सप्टेंबर २०२३ म्हणजे काय, हे नागपुरात कोणाला समजावून द्यावं लागत नाही. मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला की काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, मोरभवनला बसगाड्या पाण्यात उभ्या. घरोघरी गणपती बसलेले. शनिवारची सुटी जाहीर झाली. शाळा उघडली त्या दिवशी मी नेहमीच्या सवयीने गृहपाठ तपासायला घेतला. एका मुलीकडे वही नव्हती.

“वही कुठाय?”

“वाहून गेली सर.”

“मग दुसरी आण दुकानातून.”

“दुकानपण बुडालं सर.”

वर्ग हसला. तीही हसली. मी खाली पाहिलं तर तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

त्यानंतर आभाळ गडगडलं की ती मुलगी लिहिणं सोडून दप्तर आवरायची. सुरुवातीला मी “काही होत नाही, लिही” म्हणायचो, पण ती लिहायची नाही. एके दिवशी तिनेच विचारलं, “सर, दप्तर कपाटावर ठेवू?” मी म्हटलं ठेव. तिचा हात पुरेना म्हणून मी ठेवून दिलं. मग ती शांतपणे पाढे लिहायला बसली. पुढच्या पावसाला कपाटावर सहा दप्तरं होती. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला तेव्हा ती फळ्यावरचं उतरवून घेत होती, दप्तर पायाशीच होतं, आणि कपाटाकडे आधी मीच पाहिलं.

यावर ताईंनी जे सांगितलं ते कामाचं होतं. घाबरलेल्या मुलाला दोन गोष्टींनी धीर येतो : पुढे काय होणार हे माहीत असणं, आणि आपल्या हातात करण्यासारखं काहीतरी असणं. दप्तर उंचावर ठेवणं तिच्या हातातलं होतं. “सर, तुम्ही तिला समजावणं थांबवलं तेव्हा ती सावरली,” त्या म्हणाल्या. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर वर्गातल्या बाकीच्या पाच जणांना कपाट मीच दाखवलं असतं.

आणि जेवणानंतर लगेच दुसऱ्या प्रशिक्षकाची स्लाइड आली. गरुडाचा फोटो, खाली ठळक अक्षरात ‘संकट म्हणजे संधी’. दादा तरुण होते, उत्साही होते, माईक हातात घेऊन फिरत होते. मुलांना आपत्तीकडे सकारात्मक नजरेने बघायला शिकवा, म्हणाले. सकाळचा पूर त्यांनी ऐकलेला होता. मी विचारलं, घरात कमरेएवढं पाणी आलं त्यात आठ वर्षांच्या पोरीने कोणती संधी बघायची? ते म्हणाले, सर, सगळं माइंडसेटवर असतं. मागून उमरेडचा आवाज आला, “बावा, आधी त्या पोरीले वही तर दे.”

माझी या प्रशिक्षणाबद्दलची तक्रार एका वाक्यात हीच आहे. शिक्षकाने काय करावं यावर बोलतात तेव्हा ही मंडळी सोन्यासारखी आहेत. मुलाने कसा विचार करावा यावर घसरतात तेव्हा गरुड उडायला लागतात.

कौतुकाचा तासही असाच अर्धा कच्चा. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘मेहनत घेतलीस’ म्हणा, हे आता बहुतेक शिक्षकांनी ऐकलेलं असतं. त्यामागे क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे : पाचवीच्या मुलांना कोडी दिली, काहींचं हुशारीबद्दल कौतुक केलं, काहींचं मेहनतीबद्दल. पुढे अवघड कोडी आली तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली, आणि सोपं तेच निवडू लागली. इथवर ठीक. पण प्रशिक्षणात हे रामबाण औषधासारखं सांगितलं. माझी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते, तिने घरी आल्यावर माझी हवा काढली. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांना ‘बुद्धी वाढवता येते’ हे शिकवून मोठा प्रयोग झाला, २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. मागे पडलेल्या मुलांच्या सरासरी ग्रेडमध्ये ०.१ गुणाची भर पडली. परिणाम आहे बाबा, पण चिमूटभर, ती म्हणाली. चिमूटभर मीठही लागतंच, मी म्हटलं; पण भाजीऐवजी मीठ वाढू नये.

वर्गात मी दोन आठवडे निष्ठेने ‘मेहनत घेतलीस’ म्हणत राहिलो. एका पोट्ट्याने सातचा पाढा घडाघडा म्हटला. मी म्हटलं, वा, छान मेहनत घेतली. तो म्हणाला, “नाही सर, मला येतच होता.”

मार्शमॅलोची गोष्टही दाखवली, वॉल्टर मिशेल यांची, स्टॅनफर्डची. एक गोळी आता खा, किंवा थांब आणि दोन घे; थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, असा निष्कर्ष. २०१८ मध्ये जास्त मुलांवर पुन्हा तपासलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्या जुन्या निष्कर्षातला बराचसा जोर गेला, हे सांगितलं नाही. माझ्या वर्गात चिक्की वाटली की लगेच खाणाऱ्याला विचारा. घरी नेली तर धाकटा हिसकावतो, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट : थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्ग ध्वनिमुद्रित करून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि पुढे सरकतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. आमचं आम्हीच मोबाइलवर मोजलं. माझा आकडा सव्वा सेकंद. तीन सेकंद गप्प राहणं काय असतं ते करून बघा. कूलरच्या जाळीतून पाणी ठिबकतं तेही ऐकू येतं.

जुलैत फळ्यावर ५०३ वजा १६८ दिलं. एक मुलगा आला आणि ठामपणे ४६५ लिहून खडू ठेवला. ही चूक मी २१ वर्षं पाहतो आहे. पूर्वी मी “बस खाली, दुसरं कोण?” म्हटलं असतं आणि पंचवीस हात वर गेले असते. या वेळी हात बाकावर ठेवायला सांगितले आणि थांबलो. तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, तीनातून आठ जात नाही. म्हणून मी आठातून तीन काढले.” मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम आम्हीच पहिलीत शिकवला होता, तो त्याने इमानाने पाळला होता. खोट्या नोटा काढल्या. शंभराची एक मोडून दहाच्या दहा केल्या, त्यातली एक मोडून दहा रुपये सुटे. १६८ त्याने मोजून माझ्या हातात ठेवले. उरले ३३५. अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं म्हणजे तासाचा पाव भाग, आणि शेजारच्या तुकडीच्या मागे मी आज दोन घटक आहे. हा हिशेब प्रशिक्षणात कोणी मांडला नाही. मुख्याध्यापक मात्र दर सोमवारी मांडतात.

तिथे सुचवलेली ‘चुकांची भिंत’ही केली. चांगली चूक सापडली की कागदावर लिहून भिंतीवर लावायची, म्हणजे चुकण्याची लाज जाते. लाज इतकी गेली की दुसऱ्या आठवड्यात पोट्टे मुद्दाम चुकायला लागले. एकाने २ + २ = २२ लिहून “सर, माझं लावा ना” म्हणून हट्ट धरला. मग नियम केला : चूक कशी झाली ते ज्याला सांगता येईल त्याचीच भिंतीवर. तेव्हापासून भिंत बरी चालली आहे. हा नियम पुस्तिकेत घालावा, फुकट देतो.

पुस्तिका ६४ पानांची आहे आणि भाषांतर कुठून झालं ते पानापानावर दिसतं. ‘स्नोमॅन वितळला तर तुला कसं वाटेल?’ असा प्रश्न हिंगणा आणि काटोलच्या मुलांसाठी. शेवटच्या पानावर मात्र कामाचे दोन नंबर आहेत : मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६. ते पान कापून स्टाफरूमच्या दारामागे लावलं. शिक्षेबद्दलही सरळ बोलले, की शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्याइतकंच मानसिक छळालाही बंदी घालतं, आणि वर्गासमोर ‘हा तर ढच’ म्हणणं त्यात येतं. हॉलमध्ये थोडा वेळ कूलर एकटाच बोलत होता.

तिसऱ्या दिवशीचं एक मनातून जात नाही. ‘शिक्षकाची स्वतःची काळजी’ हे दीड तासाचं सत्र होतं. समारोपाचे पाहुणे उशिरा येणार म्हणून आधी चहा लांबवला, मग कळलं की ते वाटेत आहेत, आणि सत्र वीस मिनिटांवर आलं. काटोलकडची एक शिक्षणसेवक मुलगी, १६ हजारांच्या मानधनावर, रोज चाळीस किलोमीटर स्कूटीवर. ती बोलायला उभी राहिली. वर्ग, बी.एल.ओ. म्हणून मतदार यादीचं काम, घरी वडिलांचं डायलिसिस. “मुलांना मी धीर देते, पण मला स्वतःला...” एवढं म्हणाली आणि आवाज अडकला. ताई तिच्याकडे निघाल्या. तेवढ्यात दारातून कोणीतरी हात हलवला, पाहुणे आले. आम्ही ४२ जण उभे राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. तीही उभीच होती, तिनेही वाजवल्या. नंतर ताई तिला बाहेर घेऊन गेल्या हे मी पाहिलं, त्यांना त्याचं श्रेय. पण ज्या संस्थेला हे सत्र कापता येतं त्यांनी जाहिरातीत ते पहिल्या क्रमांकावर छापू नये.

नंतरचा पाठपुरावा नावापुरता. दर महिन्याला एक कॉल ठरला होता. एक झाला, रात्री आठला, झूमवर, अर्ध्या जणांच्या मागे कुकरच्या शिट्ट्या. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सुप्रभात येतं. नवीन शैक्षणिक धोरणातल्या वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणात हे धरलं जाईल, असं नोंदणीच्या वेळी सांगितलं होतं. केंद्रप्रमुखांना प्रमाणपत्र दाखवलं. ते म्हणाले, कागद चांगला आहे, लॅमिनेट करा.

तान्ह्या पोळ्याचं सांगायचं राहिलं. शाळेत मुलं लाकडी बैल सजवून आणतात, रांग लागते, बक्षिसं असतात. ४६५ वाला मुलगा वडिलांनी रंगवलेला बैल घेऊन आला होता. रांग मैदानात पोचायच्या आत बैलाचं पुढचं चाक निखळलं. माझ्या खिशात फेविक्विक होतं, अशा दिवशी असतंच. हात खिशात गेला आणि मी तो तिथेच धरून ठेवला. पोराने बैल उलटा केला, खुंटी पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, डोळे भरले. मग त्याने बैल काखेत मारला आणि रांगेत उभा राहिला. परीक्षक मॅडमनी विचारलं, अरे, हा चालत का नाही? म्हणाला, “थकला मॅडम, नंदनवनपासून पायी आला.” मैदानाच्या कडेला त्याची आजी उभी होती, निखळलेलं चाक पदराच्या गाठीत बांधून.

कोणी जावं? नवीन लागलेल्यांनी आणि माझ्यासारख्या जुन्या खोडांनी दोघांनीही. फक्त ताईंची सत्रं मन लावून ऐका, दादांच्या वेळी गृहपाठाच्या वह्या तपासायला न्या. पहिल्या दिवशी नाश्त्याला तर्री-पोहे होते. तर्री गार, पण चणे भरपूर. गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा नाही. मेट्रोने बर्डीला उतरून पायी दहा मिनिटं. पुढच्या बॅचचा मेसेज आला आहे, फी २,२०० झाली. आमच्या नवीन मॅडमचं नाव देतो आहे. त्यांना एवढंच सांगितलं, लवकर जा आणि डावीकडची खुर्ची धरा, उजवीकडे कूलर आहे.